अण्णांचे पावटे

योकोहामाच्या भाड्याच्या घरामागे विभाला हातभर माती मिळाली होती आणि तिच्यात अण्णांचे पावटे चढले होते. अण्णा, तिचे वडील, माघात गेले. त्यांच्या तळेगावच्या परसात आता मोटारी उभ्या राहत होत्या. त्यांचं वाण उरलं होतं ते फक्त या एका वेलावर, आणि त्यालाच कीड लागली.

शेजारीण म्हणे, कामेमुशी. पण जपानात तसल्या सगळ्याच घाणेरड्या वासाच्या किड्यांना कामेमुशी म्हणतात. विभाने डोळे बारीक करून पाहिलं: लांबट, तपकिरी, मागच्या पायांवर चपटी पानं चिकटवल्यासारखी. शेंगेत सोंड खुपसून दाण्याचा रस पिणारे. देठावर एका ओळीत अंडी.

"साबणाच्या पाण्यात बुडव ना," तिचा नवरा सत्यजित बूट घालता घालता म्हणाला. "नेटवर तेच लिहिलंय. मला आज ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

"चातुर्मासात? अण्णांचाच नेम धरलाय मी, त्यांच्या नावाने. जीव मारायचा नाही."

सत्यजितने कपाळाला हात लावला आणि स्टेशन गाठलं. विभा मात्र रोज एकेक किडा पेल्यात धरून रुळांपलीकडच्या झुडपात सोडून येई. पुण्य पदरात पडत होतं, किडे मात्र कमी होत नव्हते. तिची झोप उडाली.

मग लेकीने, आर्याने, खेळता खेळता एकाच्या पाठीवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. विभाने त्यालाही रुळांपलीकडे सोडून दिलं. दुसऱ्या सकाळी आर्या वेलापाशी टाळ्या पिटत ओरडली, "काएत्ते किता! मम्मा, तो परत आला!"

शेंगेवर लाल ठिपका ऐटीत बसला होता.

विभाचा तोल गेला. तिने बादलीत साबण कालवला आणि गारठ्याने सुस्तावलेले किडे वेल हलवून हलवून त्यात पाडले. रडत होती आणि पाडत होती. ठिपकेवाला तेवढा पेल्याखाली झाकून ठेवला; त्याला बुडवायला हात धजेना. मग तिने शेंगा सोलल्या. पहिलीत सुरकुतलेली टरफलं. दुसरीतही तेच. शेवटच्या शेंगेपर्यंत पेरण्याजोगा एक दाणा निघाला नाही.

भारतात उजाडल्यावर तिने फोन लावला. "आई, वाण गेलं गं. अण्णांसाठी नेम पाळला आणि त्यांचंच बी घालवलं."

"अगं, जीव न मारायचा नेम माझा होता, त्यांचा नव्हे. ते तर चातुर्मासातसुद्धा पहाटे रॉकेलचा डबा घेऊन वेलाखाली किडे पाडत उभे असायचे. तू कुठे उठायचीस तेव्हा? म्हणायचे, पाप माझ्या नावावर, पावटे तुमच्या ताटात."

विभाने फोन ठेवला. पेला उचलून ठिपकेवाला बादलीत टाकला.

"पाप माझं," ती म्हणाली. पावट्यांचं काही म्हणण्यासारखं उरलं नव्हतं.