चक्रीवरची शेपटी

"आई, तुमचा घोडेस्वार आला बघा!" तिकीटखिडकीतून इव्हाना ओरडली.

इव्हाना माझी सून. आपला आवाज फक्त मलाच ऐकू येतो असा तिचा समज आहे. खिडकीपाशी वाकलेल्या त्या म्हाताऱ्याने ते ऐकलंच असणार, पण तो टोपीला हात लावून हसला आणि नेहमीच्या पांढऱ्या घोड्याकडे निघाला. सत्तरीला टेकलेला माणूस, बरोबर ना नातू ना नात. हा लागोपाठ चौथा गुरुवार होता.

इटलीच्या उत्तरेला, तुरिनमध्ये पो नदीच्या काठी, बागेत आमची ही घोड्यांची चक्री आहे. बाबांनी उभारलेली. बारा घोडे, दोन बग्ग्या आणि एक हंस. हंसाची मान दोनदा मोडली आणि दोनदा जोडली. चक्री फिरायला लागली की मी बाहेर खांबापाशी उभी राहून दोरीला बांधलेली कोल्ह्याची शेपटी पोरांच्या डोक्यावर नाचवते. जो ती हिसकावून घेईल त्याला पुढची फेरी फुकट. आईबापांना वाटतं, खेळ चपळाईचा आहे. खरं तर शेपटी कुणाच्या हाती लागायची हे दोरी धरणारा ठरवतो. पोर रडकुंडीला आलं की मी दोरी सैल सोडते, आणि ते घरी जाऊन आठवडाभर बढाया मारतं.

या म्हाताऱ्याचं मात्र उलटंच होतं. पहिल्या गुरुवारी मी गंमत म्हणून शेपटी अगदी त्याच्या नाकासमोर आणली, तर पठ्ठ्याने हात खिशात घातले. पुढच्या फेऱ्यात मी ती वर ओढली, तर रिकिबीत उभा राहून असा झेपावला की माझ्याच काळजाचा ठोका चुकला. दिली तर घेत नाही, आणि देत नाही तेव्हा जीव टाकतो! इव्हाना म्हणाली, नगरपालिकेचा तपासनीस असेल. मला वाटलं, जुने घोडे विकत घेणारा दलाल असेल. दलाल लोक असेच गोडगोड हसतात.

त्या दिवशी नदीवरून धुकं आलं होतं आणि बागेत चिटपाखरू नव्हतं. इव्हाना माझ्या नातीला शाळेतून आणायला गेली. फेरी संपली तरी म्हातारा घोड्यावरून उतरेना. मी भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेऊन चक्रीच्या कडेवर जाऊन बसले.

"उतरा आता. घोडा दमला," मी म्हटलं. "आणि एकदा काय ते सांगून टाका. घोडे विकायचे नाहीत."

"घोडे घेऊन ठेवू कुठे? तिसऱ्या मजल्यावर राहतो मी." तो उतरून शेजारी बसला आणि न विचारता एक चेस्टनट सोलायला घेतला. "जेरार्दो माझं नाव. चाळीस वर्षं मोटारींना दारं बसवली. लहानपणी इथे यायचो. बासष्ट साली."

"बासष्ट साली मी नऊ वर्षांची होते. खिडकीत बसायचे, तिकिटं द्यायला."

"माहीत आहे." तो चेस्टनटकडेच बघत होता. "आम्ही तेव्हा नुकतेच दक्षिणेतून आलो होतो. एका खोलीत सातजण. आई दर रविवारी एका फेरीपुरते पैसे द्यायची. हिवाळाभर आलो. शेपटी एकदाही मिळाली नाही. माझ्या वर्गातल्या एका जाड्याला, ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती, त्याला दोनदा मिळाली! मला वाटलं, माझाच हात आखूड."

मी पुडी त्याच्याकडे सरकवली.

"मग पोरं झाली, त्यांना सांगत राहिलो, जगात काही फुकट मिळत नाही, हात लांब करा. आता बायको गेली, घरात बसून नको ते विचार येतात. म्हणून बघायला आलो. पहिल्याच दिवशी तुम्ही शेपटी नाकाला लावलीत, तेव्हा ट्यूब पेटली. ही मिळत नाही, दिली जाते. तर मला एवढंच सांगा बाई, माझा हात आखूड होता की तुमच्या बाबांची दोरी?"

माझे बाबा प्रेमळ होते. आजारी घोडा असावा तसं त्या लाकडी घोड्यांना रात्री गोणपाट पांघरायचे. पण त्या काळी आमच्या शहरात दारांवर पाट्या होत्या, दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही. आणि बाबा म्हणायचे, त्यांच्यातल्या एकाला शेपटी दिली की उद्या अख्खी वस्ती येऊन बसेल. मला खोटं बोलता आलं असतं. हात आखूड होता म्हटलं असतं, तर तो हसून घरी गेला असता.

"तुमचा हात चांगला लांब होता," मी म्हटलं. "बाबा दक्षिणेकडच्या पोरांना देत नसत."

त्याने मान हलवली. रागावला नाही. उलट एखादं यंत्र उघडून बघावं तसं त्याचं कुतूहल आणखी वाढलं.

"पण त्यांना कळायचं कसं? मी गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. अंगात चर्चने दिलेला तुमच्याच लोकांचा कोट. तोंड उघडलं की कळायचं, हे खरं. पण तुमचे बाबा तर तिकडे खांबापाशी. मी बोलायचो ते फक्त..." तो थांबला आणि एकदम लाजल्यासारखा हसला. "तुम्हाला सांगू? शेपटी मिळायची नाही तरी मी का यायचो? मी 'एक तिकीट' म्हटलं की ती खिडकीतली मुलगी दर वेळी केसांवरून हात फिरवायची. बाकीच्या पोरांसाठी नाही, मी उभं राहून पाहिलंय. आठ वर्षांचं पोर, अंगावर उसना कोट! रात्री सातजणांत झोपताना मी तेच आठवायचो. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही."

मला लाज वाटली, साठ वर्षांची साचलेली लाज. दक्षिणेकडच्या बोलण्याची ढब कानावर पडली की खांबापाशी उभ्या बाबांना खूण म्हणून केसांवरून हात फिरवायचा, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. आणि मी ते इमानदारीने करायचे, कारण त्या संध्याकाळी बाबा माझी पाठ थोपटायचे.

"जेरार्दो," मी म्हटलं, "ते केसांचं..."

बोलता बोलता माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. त्याने तो हात बघितला. मग खिडकीकडे बघितलं, मग खांबाकडे. माणूस हुशार होता. चाळीस वर्षं दारं नीट बसतात की नाही हेच बघत आला होता.

बराच वेळ तो पुडीतली सालं एका बाजूला करत बसला.

"केसांचं राहू द्या," शेवटी तो म्हणाला. "तेवढं राहू द्या माझ्याकडे."

मग गुडघ्यांवर हात टेकून उठला. "चला, एक फेरी लावा. आणि दया दाखवायची नाही."

मी चक्री सुरू केली, खांबापाशी धावले आणि आयुष्यात खेळले नव्हते तशी खेळले. शेपटी वर नेली, खाली आणली, ऐन वेळी हिसडली. तो आईच्या नावाने काहीतरी ओरडत झेपावत होता. शेवटच्या वळणावर त्याची मूठ मिटली, मी जीव खाऊन दोरी ओढली, आणि शेपटी सुटून वर गेली.

चक्री थांबली. त्याने धापा टाकत मूठ उघडली. आत चार तांबूस केस होते.

"दिलेत?"

"नाही हो! उपटलेत तुम्ही."

"मग पुढची फेरी फुकट."

"चार केसांवर फेरी मिळत नाही. अख्खी शेपटी लागते."

तो मोठ्याने हसला. केस रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी आत जाऊन बसले.

"एक तिकीट," तो म्हणाला. साठ वर्षं तुरिनमध्ये काढूनही ढब तीच.

खांबापाशी दोरी एकटीच लोंबत होती, बघायला कुणी नव्हतं. मी केसांवरून हात फिरवला.