एकोणपन्नासाव्या दिवसाची पोथी

या, असे जवळ सरकून बसा. थंडीतली कथा आहे, पाय पोटाशी घ्या. मेलेल्या आईसाठी पोथी गायला बसलेल्या एका मुलाची हकीकत सांगतो.

यांगत्सेच्या उत्तर काठावरच्या एका शहरात श्यांग बोच्यान नावाचा वकील आपल्याच घरात, चौथ्या मजल्यावर, त्र्याहत्तर दिवस कोंडलेला होता. गुन्हा एवढाच, की हंसतळे गल्लीतली एकोणीस घरं सरकारनं पाडली तेव्हा त्या लोकांचं वकीलपत्र त्यानं घेतलं. आधी सनदेवरचा वार्षिक शिक्का अडवला. मग कागद उचलून नेले, फोन नेला, वीज तोडली. दाराच्या आत प्लास्टिकच्या स्टुलावर तान नावाचा पहारेकरी बसवला. बोच्यान संडासात गेला तरी तान घड्याळ बघायचा. या दिवसांतच गावाकडे त्याची आई गेली. मातीला जाऊ दिलं नाही.

आज तिचा एकोणपन्नासावा दिवस. त्या मुलखात गेलेल्या माणसासाठी दर सातव्या दिवशी पोथी गातात आणि सातव्या खेपेला शेवटची. ती झाली की जिवाची वाट मोकळी होते. ओळ एकानं म्हणायची, दुसऱ्यानं उचलायची, एकट्यानं ती होत नाही, आणि त्या दिवशी सूर्य मावळला की हुकली ती हुकली, पुन्हा गाता येत नाही. पहाऱ्यावरचे बडे अधिकारी लू साहेब, तेही हे अडवायला कचरले. "एक म्हातारी येईल, तासभर गाईल, जाईल," त्यांनी तानला बजावलं. "कागदाचा कपटा आत जाता कामा नये आणि बाहेर येता कामा नये."

म्हातारी होती हंसतळ्याचीच. ब्यान आजी. तिचंही घर पडलेलं. पण तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. 'जिला सही येत नाही ती काय करणार?' असं म्हणून साहेबांनी तिचं नाव मंजूर केलं. तिला तीस पोथ्या नुसत्या ऐकून पाठ होत्या, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी एकला आजी आली. तानने तिची पिशवी उलटी केली. उदबत्त्या, ठेका धरायचा लाकडी मासा, चिकट तांदळाच्या वड्या. त्यानं एकेक वडी मोडून पाहिली.

"मोड बाबा, सगळ्या मोड," आजी म्हणाली. "आत कोर्ट सापडलं तर मलाही दाखव."

उदबत्ती लावताना ती बोच्यानच्या कानाशी वाकली. "वकीलबाबा, आज शेवटचा ना रे?"

शेवटचाच होता. पाडापाडीला सहा महिने होण्याआधी दावा दाखल व्हायला हवा होता आणि कोर्टाची खिडकी पाचला बंद व्हायची. गल्लीनं दुसरे दोन वकील गाठले होते. दोघांनी दार लावून घेतलं. मात्र ज्याला लिहिता येत नाही त्यानं खिडकीशी उभं राहून दावा तोंडानं सांगावा आणि कारकुनानं तो लिहून घ्यावा, अशी कायद्यात सोय आहे. फक्त तारीख, आदेशाचा क्रमांक, मागणी, सगळं नेमकं सांगता आलं पाहिजे. एक जरी अडखळलं तर कारकून म्हणणार, उद्या या. आजीला एवढंच ठाऊक होतं की घर पडलं. बाकी सगळं बोच्यानच्या डोक्यात.

आणि तास एकच मिळालेला.

त्यानं आईच्या तसबिरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लाकडी मासा आपल्या हातात घेतला.

कुठल्याही पोथीच्या आरंभी दिवस, गाव, गल्ली, घर, घरधनी यांचा उच्चार करतात, म्हणजे पुण्य कुणाच्या दारी पोचवायचं ते देवाला कळतं. बोच्याननं तिथून सुरुवात केली आणि तिथून तो पुढे गेलाच नाही.

"हंसतळे गल्ली, अकरावं घर, ब्यान घरची लेक दारी उभी..."

"नमो अमिताभ!" असं बुद्धाचं नाव घेत आजीनं ओळ उचलली.

"जूनची चौदा, पहाटेचे सहा. आदेश दोनशे सात, हाती ना दिला..."

मांडीवर ठेका धरणारी आजीची बोटं थबकली. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पुढची प्रत्येक ओळ ती जशीच्या तशी परत देत गेली.

तान स्टुलावरून उठला. "ए, आईचा जीव चाललाय की घरपट्टी भरायला चाललाय? आकडेच आकडे!"

"तुझ्या बापाच्या वेळी मीच गायले ना रे? तेव्हा पत्ता सांगितला होता की नाही? पत्त्याशिवाय पुण्य काय तुझ्या चौकीत टाकू?"

तान ओशाळून हसला आणि बसला. तिसऱ्या आवर्तनाला तर लहानपणच्या सवयीनं तोही "नमो अमिताभ" म्हणू लागला.

तास संपला. आजी उठताना म्हणाली, "आणि तुझ्या आईचं रे?"

"जा आजी. चुकू नकोस."

तानने तिचे बूट झाडले, अंबाडा सोडून पाहिला. काही नव्हतं.

मग बोच्यान खिडकीच्या गजांशी उभा राहिला. खाली बस आली, गेली. तीन वाजले. चार. आजीला थांब्यावरच धरलं असेल का? आदेश दोनशे सातच होता ना, की दोनशे सतरा? विचारायला दाराबाहेर एक पाऊल टाकता येत नव्हतं. पाच वाजले. खिडकी बंद झाली असणार. आई गेली आणि गल्लीही गेली, असं वाटून तो गजांना धरूनच खाली बसला.

साडेपाचला तानचा फोन वाजला. लू साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "कोणी पढवलं त्या म्हातारीला? कारकुनानं पाच पानं लिहून घेतली! अंगठा घेऊन पोच दिली!"

तानने बोच्यानकडे पाहिलं. "इथं पोथीच झाली, साहेब. मीपण म्हटली."

पलीकडून शिव्या आल्या, मग हुकूम आला. फोन ठेवून तान हळूच म्हणाला, "उद्या तुम्हाला हलवणार. कुठं, ते मला सांगत नाहीत." मग स्टूल जवळ ओढत तो म्हणाला, "आईची राहिलीच की हो. आता गा ना. मी साथ देतो."

"दिवस मावळला, तान," बोच्यान म्हणाला.

त्याला कुठं नेलं, दाव्याचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. कळलं असतं तर तुमच्यापासून लपवलं नसतं. एकच मागतो. तुमच्या घरी नाम घ्याल तेव्हा बोच्यानच्या त्या माउलीची आठवण ठेवा. ताओ रुइलान तिचं नाव. तिची पोथी अजून कुणी गायलेली नाही.