आवरलेली भिंत

सून हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायची. त्यामुळे तिला एक खोडच लागली होती. कुठंही गेली तरी आधी कोपरे बघायची. लग्नानंतर पहिल्यांदाच ती सासूबाईंकडे राहायला आली होती, तीही एकटी, कारण नवरा बोटीवर स्वयंपाकी आणि बोट लांबच्या बंदरात. आल्या संध्याकाळी तिनं बाग पाहिली आणि तिचे हात शिवशिवायला लागले.

समुद्राच्या वाऱ्यानं झाडं एका बाजूला झुकलेली. गवत गुडघ्याएवढं, फुलांचे वाळके दांडे तसेच उभे, वाटेवर पालापाचोळा. आणि अवजारांच्या खोपटाच्या भिंतीला टेकवून सुक्या फांद्यांचा, वाळक्या वेलींचा हा एवढा ढीग. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं बाग बघायला यायची होती. वर्षातून एकदा सासूबाई फाटक सगळ्यांना उघडं ठेवत.

"बाग माझी एकटीची नाही, राहणारे बरेच आहेत," जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या. जन्मभर शाळेत शिकवलेलं, पण घरात बोलणं मोजकं. सुनेला वाटलं, मुंग्याबिंग्यांबद्दल म्हणत असतील. बिचाऱ्यांचे गुडघे दुखतात, आवरणं झेपत नसेल, तोंडानं कसं सांगतील?

सकाळी सासूबाई वाळूवर चालायला गेल्या आणि सुनेनं पदर खोचला. सासूबाईंना जे तोंडानं मागता आलं नाही ते आपण हातानं करून दाखवू, अशी तिची समजूत. गवताला हात लावायचं धाडस झालं नाही, पण खोपटाकडचा ढीग तिच्या डोळ्यांत खुपत होता. तो तिनं आख्खाच्या आख्खा उचलून ढकलगाडीत घातला आणि गाडी खताच्या खड्ड्याजवळ नेऊन उभी केली. मग भिंत घासून धुतली. भिंत अशी लखलखली की हॉटेलातल्या मुकादमबाईंनाही बोट ठेवायला जागा सापडली नसती.

तेवढ्यात एक तपकिरी पक्षी आला, मूठभर अंगाचा, शेपटी ताठ उभी. चोचीत हिरवी अळी. भिंतीशी आला, मागं फिरला, खराट्याच्या दांड्यावर बसला, पुन्हा भिंतीशी गेला. अळी काही खाईना. सून बघत राहिली. घरी आल्यावर दारच जागेवर नसावं, तसं त्याचं चाललं होतं. हे लक्षात आलं तशी ती ढकलगाडीकडे धावली. ढिगाच्या पोटात शेवाळाचा एक गोळा होता आणि त्यातून बारीक, चिरका आवाज येत होता.

सासूबाई फाटकातून आत आल्या तेव्हा सून गाडीशी बसली होती. हात मांडीवर, रंग उडालेला.

"आई, मी ढीग हलवला. आत पिल्लं आहेत. मला माहीत नव्हतं."

सासूबाईंनी गाडीकडे पाहिलं, धुतलेल्या भिंतीकडे पाहिलं.

"ठेंगणीचं, त्या उभ्या शेपटीच्या पाखराचं घर ते," त्या म्हणाल्या. "आहेत ना जिवंत?"

"आहेत. पण ती परत येईल?"

"आली तर आली. चल, आधी होतं तसं ठेवू."

दोघींनी ढीग जसाच्या तसा उचलून भिंतीशी टेकवला आणि सुतळीनं बांधला. "मी कधी आत माणसं असताना खोली आवरत नाही," सून पुटपुटली. "आज दार वाजवायचंच राहिलं."

सासूबाईंनी सुतळीची गाठ आणखी एकदा आवळली.

लांब राहून त्या दोघी वाट बघत होत्या, पण ठेंगणी कुंपणावरून खाली उतरेना. त्यात माणसं यायला लागली. फाटकाशी जुने पोस्टमनकाका उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "पायाखाली बघून चाला हो, इथं बेडकांनासुद्धा मान आहे." आणि वाट नेमकी खोपटावरून जाणारी.

मग सून उठली. घरातून पांघरायची मोठी चादर आणली, खोपट आणि वाटेच्या मध्ये दोरी ताणून तिच्यावर टाकली, कडा दगडांनी दाबल्या. सुरकुती एक नाही. आणि स्वतः चादरीच्या अलीकडे उभी राहिली.

"इथं काय लपवलंय?" गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ म्हणाले. "एकच फोटो. आवाज करत नाही."

"माफ करा साहेब," सून हॉटेलातल्या मऊ आवाजात म्हणाली, "आतली मंडळी आराम करताहेत. त्यांनी बोलावल्याशिवाय जाता येत नाही."

"मंडळी कोण?"

"बाळंतीण आहे."

मागच्या बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "चला हो भाऊजी, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचं काय काम?" गृहस्थही हसले आणि बागेतल्या तळ्याकडे वळले.

ऊन चढलं. माणसं येत होती, जात होती. सून हलली नाही. सासूबाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या. सून मनातल्या मनात देवाला म्हणत होती, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पिल्लं उपाशी राहायला नकोत.

वाट जरा मोकळी झाली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या कोपराला हात लावला. चादरीच्या कडेच्या फटीतून दिसलं: ठेंगणी चोचीत अळी धरून ढिगावर बसली होती. इकडे मान, तिकडे मान. मग फांद्यांत शिरली. आत एकदम गलका झाला, आणि ती रिकाम्या चोचीनं बाहेर पडून भुर्रकन उडाली. थोड्या वेळानं पुन्हा आली. पुन्हा गेली.

सुनेच्या गालावरून पाणी वाहत होतं, तिला पुसायचंही सुचलं नाही.

"तू कधी परत जायचीस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"परवा."

"पिल्लं उडायला अजून वेळ आहे. उद्यापासून इथं मांजर फिरेल, वारा चादर उडवेल. माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाई फटीतूनच बघत होत्या.

"रजा वाढवून मागते, आई."

"माग. आणि आता बस जरा, मी उभी राहते."