मान खाली घालायला लावणारी उशी

मी एक जुनी उशी आहे आणि माझ्या मधोमध चेहऱ्याएवढं भोक आहे. हसू नका, मित्रांनो. विकतची उशी परवडत नव्हती, म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मावशींनी मला फाटक्या गादीच्या स्पंजातून शिवलं.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला, की डॉक्टर तो बसवतात आणि आत वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुड्याने पडदा दाबून धरावा म्हणून पेशंट माझ्यात तोंड घालून पालथा झोपतो. बरा झाला की डॉक्टरांचे गुण गातो. मी कोपऱ्यात पडते.

एकदा कपडे शिवणारी एक बाई आली. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला, आता दुसऱ्याचाही पडदा सुटला होता. ऑपरेशन झाल्यावर नर्सने बजावलं, "मान खाली घालूनच राहायचं!"

ते ऐकून तिचा रंगारी नवरा चपापला. ती माझ्यात तोंड घालून पालथी झोपली, माझं भोक कॉटच्या कडेबाहेर ठेवून. थोड्या वेळाने तो कॉटखाली शिरला आणि माझ्या भोकाखाली आडवा झाला.

"अगं, मान मी खाली घालायला हवी. डोळ्यापुढं माश्या फिरतात म्हणालीस, आणि मी..."

"माश्या मारत बसलीस वाटतं, म्हणालात. मीही हसलेच की."

"मी सगळ्या आळीला सांगून हसलो गं!"

त्या माश्या म्हणजे पडदा फाटल्याची खूण होती. पडद्याचे डॉक्टर आमच्याकडे महिन्यातून एकदाच येतात, त्यात आणखी दिवस गेले होते. दोष एकट्या रंगाऱ्याचा नव्हता, पण त्याला ते पटेना. तिच्या कपाळावर माझे वळ उठत होते. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे ती तपासणीला आली. पडदा बसला होता. माणसं दिसत होती, दारं दिसत होती. "पण बारीक काम जमणार नाही, उशीर झाला," डॉक्टर म्हणाले.

कोपऱ्यात माझी उसवलेली शिवण तिच्या हाताला लागली. तिने पिशवीतून सुई-दोरा काढला. दोरा सुईच्या नेढ्याशेजारून घसरत राहिला. शेवटी तिने मुकाट्याने सुई नवऱ्यापुढे धरली.

त्याने दोरा ओवून दिला. ती चाचपडत मला शिवत असताना तो भिंतीकडे तोंड करून रडला.

मित्रांनो, घरात कुणी डोळ्यापुढे ठिपके दिसतात, वीज चमकते म्हणालं, तर थट्टा नंतर करा. आधी त्यांना दवाखान्यात न्या. मी कोपऱ्यात धूळ खात पडले तरी चालेल.