माशीचा वास

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, बंद पडलेल्या पंख्याला टेकून जी काळपट लाकडी पेटी बसली आहे ना, ती मी. शिवणकामाचं सामान असेल म्हणून कुणीतरी मला उघडतं आणि नाक चोळत मागे सरतं. माझ्या पोटात सुया-दोरे नाहीत, वास आहेत. संत्रं, कॉफी, लवंग, साबण आणि धूर!

एका कारागिराने माझ्यात मऊ कापडाचे कप्पे केले आणि औषधं बनवणाऱ्या एका बाईंनी एकेका बाटलीत एकेक वास भरला. बाटल्या मुद्दाम तपकिरी घेतल्या, म्हणजे आतला रंग बघून कुणी उत्तर देऊ नये. मग रुग्णांना वास येतो का, हे तपासायला मी नाक-कान-घशाच्या दवाखान्यात रुजू झाले. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे एकदा धुराची बाटली सैल राहिली आणि कितीतरी दिवस माझ्या संत्र्यालासुद्धा करपल्याचा वास येत राहिला. तेव्हा मात्र माझी रवानगी थेट अडगळीत झाली.

तिथून मला बाहेर काढलं ते एका नव्या औषधाच्या चाचणीने. काही लोकांना धुळीची अ‍ॅलर्जी असते. त्यांच्या गाला-कपाळामागच्या पोकळ्या, म्हणजे सायनस, वर्षानुवर्षं सुजलेल्या राहतात. नाक चोंदतं, डोकं जड होतं, वास जातो. ही सूज वाढवणारा निरोप शरीरात वाटेतच अडवायचा, असं काम करणारी अँटिबॉडी त्या नव्या सुईत होती. ती खरंच उपयोगी पडते का, हे बघायचं होतं. म्हणून निम्म्या लोकांना खरी सुई आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे ना त्यांना ठाऊक, ना सिस्टरना, ना डॉक्टरबाईंना.

या चाचणीत एक सुतारकाका आले. लाकडाच्या भुशात आयुष्य गेलेलं आणि भुशाचीच अ‍ॅलर्जी! शिंकून शिंकून बिचाऱ्यांच्या नाकी नऊ आले होते. त्यांच्याबरोबर काकू यायच्या. काका रात्री असे घोरत, की काकू उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपायला जात.

पहिल्या दिवशी काकांना माझा एकही वास ओळखता आला नाही. पण दोन-तीन सुया झाल्या आणि काका धडाधड बरोबर सांगू लागले. डॉक्टरबाई खूश झाल्या. मीही फुशारले. काकू तर सांगत सुटल्या, "घोरणंसुद्धा कमी झालंय हो!"

मग एके दिवशी सिस्टरनी धुराची बाटली काकांच्या नाकाशी धरली. काकांनी एक लांब श्वास घेतला, सिस्टरच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि ठामपणे म्हणाले, "माशी!"

"माशीचा वास?" सिस्टर चक्रावल्या. त्यांनी गर्रकन मागे वळून पाहिलं. मागच्या स्टुलावर बसलेल्या काकू डोळे बारीक करून तोंडापुढे हात हलवत होत्या. त्या दाखवत होत्या धूर, काकांना दिसली माशी. काकूंचं नाक भलतंच तिखट. बाटली उघडली, की त्यांना बसल्या जागी वास कळायचा. मग संत्रं सोलल्यासारखं करायचं, साबणासाठी हात चोळायचे, असा सगळा कारभार चालला होता.

काकूंचा चेहरा पडला. "सिस्टर, रागावू नका. ह्यांना काही येत नाही असं कळलं, तर तुम्ही ह्यांना काढून टाकाल, असं वाटलं मला. किती वर्षं झाली हो, ह्यांना धड झोप नाही."

काका खाली मान घालून म्हणाले, "मलाच नको म्हणता आलं असतं. पण डॉक्टरबाई इतक्या खूश व्हायच्या..."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी काकूंना पाणी दिलं. "अहो, चुकलेलं उत्तर म्हणजे नापास नव्हे. काकांना वास येत नसेल, तर तेच आम्हाला कळायला हवं. कुणालाही काढत नाही आम्ही." डॉक्टरबाईंनी ती सगळी उत्तरं रद्द केली. त्यानंतर काकू बाहेर बाकावर बसू लागल्या आणि काका दर वेळी प्रामाणिकपणे सांगू लागले, "नाही येत."

चाचणी संपली, कुणाला कोणती सुई हे लिहिलेली बंद पाकिटं उघडली. काकांना बिनऔषधाची, नुसत्या पाण्याची सुई मिळत होती! काकू थक्क झाल्या. "म्हणजे ह्यांचं घोरणं कमी झालंसं मला वाटलं, ते नुसत्या पाण्यानेच?" काका एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. डॉक्टरबाई मात्र गंभीर झाल्या. त्या खाणाखुणा पकडल्या गेल्या नसत्या, तर काकांचं नाव साध्या पाण्याने बरं झालेल्यांत लागलं असतं आणि खऱ्या औषधाचा गुण तेवढा झाकला गेला असता. कारण खरी सुई मिळालेल्या पुष्कळ लोकांना आराम पडला होता.

ठरल्याप्रमाणे आता काकांनाही खरं औषध सुरू झालं. पहिल्या सुया तशाच गेल्या. "नाही येत," काका सांगत राहिले. मग एकदा मी टेबलावर होते, झाकण अजून बंदच होतं. काकांना खुर्चीत बसवून काकू बाहेर निघाल्या. त्या जवळून गेल्या आणि काका एकदम थांबले. त्यांनी पुन्हा हुंगलं.

"अगं, तू साबण बदललास का?"

"इश्श!" काकू वळल्या. "तीन वर्षं झाली की हो!"

आणि मग दोघांनाही कळलं, काय झालं ते. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सिस्टर हसत माझं झाकण उघडू लागल्या, पण त्या दिवशी मला खरं तर काही कामच उरलं नव्हतं.

मित्रांनो, आता दवाखान्यात नव्या चकचकीत पेट्या आल्या आहेत. माझे वासही उडत चालले आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी कुणी डॉक्टर विचारतील, "बरं वाटतंय का?" तेव्हा त्यांचा चेहरा बघून उत्तर देऊ नका. बरं वाटत नसेल, तर खुशाल "नाही" म्हणा. तुमच्या त्या "नाही"च्या आधारानेच कुणा अनोळखी माणसाचं औषध तयार होत असतं.