उंच खुंटीवरची पिशवी

मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. तांबड्या रबराची, मानेशी जरा सुरकुतलेली. माझं बूच सुतळीने मानेलाच बांधून ठेवलं आहे, कारण ते हरवण्याचा या घराला छंदच आहे. मित्रांनो, सुखात माझी आठवण कुणाला येत नाही. कंबर धरली, पोट दुखलं, की मग 'अगं, ती पिशवी कुठे ठेवलीस?' म्हणून शोधाशोध सुरू होते. याचा मला राग नाही. थोडासा आहे, पण पोटात पाणी पडलं की जातो.

माझा जन्म कारखान्यातला. रबराचे दोन तुकडे साच्यात दाबून भट्टीत भाजले. म्हणजे दुसऱ्याला शेकण्याआधी मी स्वतः चांगली शेकून निघाले. मग हवा भरून मला पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून पास झाले. पुढे औषधाच्या दुकानातून मला ताईंनी घरी आणलं. ताई कपड्यांना काज-बटणं करून देतात. त्यांनी उरलेल्या लोकरीतून मला एक अंगडं विणलं. अर्धं निळं, अर्धं पिवळं. दिसायला विदूषकाचं, पण ऊब मायेची.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या धाकट्या भावाचं केस कापायचं दुकान. भाऊ पन्नाशीचा, दारातून वाकून आत येणारा उंच माणूस. पण ताईंच्या लेखी तो अजून 'छोट्या'च. त्याची कात्री चालू असली की मागच्या खोलीत ताईंची सुईही त्याच ठेक्यात चाले.

एकदा छोट्याचा उजवा खांदा दुखू लागला. आधी नुसती कळ यायची. मग सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. शेवटी शेवटी हात छातीच्या वर उचलेना. त्याने खुर्ची पार खाली केली. उंच पोस्टमनदादा हनुवटीला गुडघे टेकवून बसायचे, तरी त्यांचे केस एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला मैदान! जो तो औषध सांगू लागला. कुणी तेल दिलं, कुणी पट्टा दिला, कुणी हात हलवूच नको म्हणून बजावलं. छोट्याने सगळ्यांचं ऐकलं आणि खांदा आणखी आखडला.

अखेर तो डॉक्टरबाईंकडे गेला. पण स्वभाव उतावळा, पुरतं ऐकून घेईल तर शपथ. गोळ्या घेऊन घरी आला आणि म्हणाला, "ताई, खांदा गोठलाय म्हणे. शेक द्यायला सांगितलाय."

गोठलाय! हा शब्द ताईंच्या ओळखीचा होता. थंडीत दुकानातलं डोक्याला लावायचं तेल बाटलीत गोठतं, तेव्हा त्या बाटली उकळत्या पाण्यात उभी करतात. पाच मिनिटांत तेल पातळ. त्यांनी तोच उपाय खांद्याला केला. पातेल्यातलं खळखळतं पाणी माझ्यात काठोकाठ ओतलं. ऊब वाया जाऊ नये म्हणून माझं अंगडंही काढून ठेवलं. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. छोट्या ओरडू शकत होता, पण तो बापडा दात आवळून म्हणाला, "वितळतंय वाटतं!"

वितळलं काही नाही. खांद्यावर हा एवढा फोड आला. रोगापेक्षा इलाज भयंकर!

ताई त्याला घेऊन गेल्या, तेव्हा डॉक्टरबाई दोघांवरही रागावल्या. "अहो ताई, गोठलाय म्हणजे आखडलाय. आत काय बर्फ साचलाय? बिजागरी गंजली तर कुणी दार चुलीत घालतं का? आधी हा फोड बरा होऊ दे. मग सोसवेल इतकी ऊब, कापडातून, दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, झेपेल तेवढाच. गोळी जेवल्यावर, आणि सांगितलीय तेवढीच. रक्तातली साखरही तपासून घ्या. महिने लागतील, कदाचित वर्षही. पण सुटेल."

घरी आल्यावर ताईंनी मला माळ्यावर टाकलं. माझं तोंडही त्यांना बघवेना. चूक माझी नव्हती, पण त्यांचं रडणं ऐकून माझाही राग विरून गेला.

फोड बरा होईस्तोवर छोट्याचा धीर सुटला होता. एका संध्याकाळी तो म्हणाला, "दुकान देऊन टाकतो कुणाला तरी. हात वर जात नाही, तर खुर्चीत बसणार कोण?"

ताईंनी मला माळ्यावरून काढलं, पुसलं, अंगडं घातलं. मग स्टुलावर चढून भिंतीवरच्या सगळ्यात उंच खुंटीला मला टांगलं.

"ऐक. शेकायला मीच काढून देत जाईन. ज्या दिवशी तू ही पिशवी उजव्या हाताने काढशील, त्या दिवशी दुकानाचं बोलू. तोवर हा विषय बंद."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ताई स्टुलावर चढायच्या. त्यांचा गुडघा 'कट्' वाजायचा. तो फक्त मलाच ऐकू येई. मग कोमट पाणी, तेही दोन तृतीयांश. वरची हवा दाबून काढायची, बूच घट्ट, आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायचं. मी पंधरा मिनिटं खांद्यावर बसे. नंतर छोट्याची बोटं मुंगीसारखी भिंत चढत आणि जिथे थांबत तिथे ताई पेन्सिलीने रेघ ओढत. काही आठवडे रेघ जागची हलेना. एकदा तर ती खालीच आली. छोट्या लबाडी करून टाचा उचले, की ताई ओरडत, "टाचा खाली! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

रेघा चढत चढत माझ्या मानेपाशी आल्या, तेव्हा बरेच महिने उलटले होते.

आणि एका संध्याकाळी ताई स्टुलावर पाय ठेवता ठेवता मटकन त्यावरच बसल्या. "थांब जरा. कळ गेली की चढते."

छोट्या त्यांच्याकडे पाहत राहिला. मग भिंतीपाशी गेला. बोटं चालू लागली. शेवटची रेघ मागे पडली. त्याचा चेहरा वाकडा झाला, तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा निघाला. आणि माझी मान त्याच्या बोटांत आली. उजव्या हाताच्या.

ताईंनी आधी त्याच्या टाचांकडे पाहिलं.

"खाली आहेत रे," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. "चल, बस. पाणी तापलंय."

"तू बस." त्याने माझ्यात पाणी ओतलं, मनगटावर टेकवून पाहिलं आणि मला अलगद ताईंच्या गुडघ्यावर ठेवलं. "कधीपासून दुखतोय?"

"तू खांदा धरून बसलेलास. मी कुठे गुडघा सांगत बसू?"

त्याने मला गुडघ्यावर नीट सरकवलं. मग ताईंनीच विचारलं, "दुकानाचं बोलायचं होतं ना?"

"उद्या. सकाळी पोस्टमनदादा येणार आहेत. खुर्ची वर करून ठेवायचीय."

आता मी खालच्या खिळ्याला असते, ताईंचा हात बसल्या बसल्या पोचेल अशी. मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी असेल तर तिच्यात उकळतं पाणी ओतू नका. काम झालं की पाणी काढून तिला उलटी टांगा, म्हणजे ती पुष्कळ वर्षं साथ देईल. आणि एक सांगते. ज्याचं दुखतं, त्याला सगळेच विचारतात. त्याच्यासाठी रोज स्टुलावर चढणाऱ्यालाही एकदा विचारा.