व्हिलननं जेवायला विचारलं

आमचं निलंग्यात लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. कॅमेरा माझ्या नवऱ्याच्या हातात, कात्री माझ्या. दयानंद शूट करतो आणि मी कॉम्प्युटरवर बसून एडिटिंग करते. कोणती मावशी रुसली, कोणत्या मामाचा फेटा सुटला, सगळं मला पाठ. माझं तोंड जरा फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मनाला लावून घेणार नाही.

तर ह्या माणसाला सुपरहिरोचा पिच्चर काढायचं खूळ लागलं. मी म्हटलं, "आधी दुकानावरचा पत्रा बदला, गळून राहिलाय." ऐकतो कुठं. पिच्चरचं नाव 'शॉकबाई'. शेतातल्या डीपीचा झटका बसून एका पोरीच्या अंगात वीज येते, आणि मग ती अख्ख्या तालुक्याची लाइन पळवणाऱ्या अंधारअण्णाचा बंदोबस्त करते. शॉकबाई झाली आमच्या गल्लीतली रूपाली, जी नांदेडला नर्सिंग शिकते. अंधारअण्णा झाले सिद्रामप्पा.

सिद्रामप्पा म्हणजे कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावचे शेतकरी, आमच्या जुन्या घरोब्याचे. घरात कानडी, बाहेर मराठी. धिप्पाड देह, झुपकेदार मिशा, पाहताक्षणी लेकरानं रडावं. पण माणूस असा गोड, की ते लेकरू थोड्या वेळानं त्यांच्याच मांडीवर. दयानंद मिशा बघून भुलला आणि माणूस बघायचं विसरला.

कार्यालयातली नवरानवरीची खुर्ची आणून आम्ही अंधारअण्णाचं सिंहासन केलं. सीन सोपा होता. शॉकबाई लाथेनं दार उघडून आत येणार, आणि अण्णा बसल्या जागी म्हणणार, "शॉकबाई, आज तुझा शेवटचा दिवस."

रूपालीनं लाथ मारली. आप्पा सिंहासनावरून उठले, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "बा अव्वा, ऊटा आयता?" म्हणजे, ये बाई, जेवण झालं का?

दयानंदनं कपाळावर हात मारला. "आप्पा, ती तुम्हाला मारायला आलीय."

"हाव की. पर उपाशी पोटी मारंल का?"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. एकदा तर रूपालीच बोलून गेली, "झालं आप्पा, तुमचं?" आणि तिकडं कॅमेरा हलायला लागला, कारण दयानंद हसून राहिला होता. आप्पा बिचारे दरवेळी जीभ चावायचे, कान पकडायचे, पण दारातून माणूस आत आलं की त्यांचं तोंड आपोआप तेच बोलायचं. त्यांच्या घरी उंबरा ओलांडलेल्या माणसाला दुसरा शब्दच ऐकायला मिळत नाही. शेवटी दयानंदनं रूपालीला बाहेर उभं केलं आणि आप्पांनी ते वाक्य भिंतीकडं बघून म्हटलं. वर त्यांच्या मराठीत कानडी हेल येतो म्हणून रिक्षावर भोंगा लावून जाहिराती करणाऱ्या तय्यबच्या आवाजात अंधारअण्णा डब केला. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं.

पिच्चर लातूरच्या एका टॉकीजला थोडे दिवस चालला. मग घरोघरी बघायला तो पेन ड्राइव्हवर काढायचं ठरलं. लग्नाच्या व्हिडिओचे मखमली डबे पडून होते, त्यावरच्या 'शुभविवाह'वर शॉकबाईचा फोटो चिकटवला. दयानंदला त्यात बोनस पाहिजे होता, मोठ्या पिच्चरांच्या डिस्कवर असतो तसा. उडी कशी मारली, वीज कशी काढली, असलं सगळं.

मी म्हटलं, "आप्पांचे चुकलेले टेक टाका. बाकीचं कोण बघतंय?"

"अगं, व्हिलनची भीतीच जाईल."

"आहे कुठं भीती? तय्यबच्या आवाजात तर सेल लागल्यासारखं वाटतंय."

दोन दिवस आमच्यात ह्यावरून धुसफूस चालली. आणि त्यातच आप्पांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढायला लागले, आणि बोलणं पार बंद. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हातपाय थोडे हलत होते, पण तोंडातून शब्द नाही. दयानंद एकटाच बघायला जाऊन आला. घरी येऊन म्हणाला, "आता तर ते टेक नकोच. आजारी माणसावर लोकांना हसवू का मी?"

मग एक दिवस उमाबाई आल्या, आप्पांच्या मंडळी. चहा पुढं केला तर तसाच ठेवला.

"डॉक्टर म्हणले, शब्द आत हायती, वाट सापडंना झालीय. वळखीचं ऐकवत ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "दया, तुझ्या पिच्चरात त्यांचा आवाज हाय न्हवं? तेवढा दे मला. त्यांनला बी ऐकवते, आन् मी बी ऐकते. घर लई गप झालंय बाबा."

दयानंदनं माझ्याकडं पाहिलं. उमाबाईंनी पिच्चर पाहिलाच नव्हता; त्यात आप्पा होते, पण आवाज तय्यबचा होता. हे त्या बाईला सांगायचं कसं? शेवटी मी उठले आणि ते चुकलेले टेक लावले.

"बा अव्वा, ऊटा आयता?" आप्पा म्हणाले.

उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडतायत असं वाटलं, तर त्या हसत होत्या. मग खरंच रडल्या.

"काकू, हे लोकांना दाखवायचं न्हाई म्हणतो मी," दयानंद म्हणाला. "हसतील."

"हसू दे की. ते कधी हसण्याला भ्याले व्हय?"

त्याच दिवशी मी बोनस बांधला. उड्या मागं, आप्पा पुढं. मेनूवर नाव दयानंदनंच टाकलं, 'अंधारअण्णांच्या घरी'.

रविवारी दुपारी आम्ही पेन ड्राइव्हचा तो मखमली डबा घेऊन त्यांच्या गावी गेलो. बातमी आधीच पोचली होती, घराच्या पुढच्या सोप्यात शेजारीपाजारी बसले होते. आप्पा टीव्हीसमोर खुर्चीवर, उजवा हात मांडीवर ठेवलेला. आम्ही आत आलो तर नुसते डोळे हलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मला कुणी जेवायचं विचारलं नाही.

पेन ड्राइव्ह लावला. शेजाऱ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. आप्पा टक लावून स्वतःकडं बघत होते. डाव्या गालावर हसू आलं, डोळ्यातनं पाणी आलं, ओठ हलले. उमाबाई वाकून त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसल्या होत्या. काही आलं नाही.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

परत लावला. मग आणखी परत. लोक हसायचे थांबले. आप्पांनी डोळे मिटून घेतले. उमाबाई हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दमले ते." मला त्या टीव्हीचा, पेन ड्राइव्हचा आणि स्वतःच्या शहाणपणाचा असा राग आला, की उठून वायरच उपटावी.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. रूपाली. नांदेडहून सुट्टीला आली होती, स्टँडवरून तशीच इकडं. खांद्यावर बॅग, हातात लातूरच्या स्टँडवर घेतलेल्या भज्यांचा तेलकट कागद, त्यात काही उरलेलं नव्हतं. तिनं उंबरा ओलांडला.

आप्पांनी डोळे उघडले. डावा हात खुर्चीच्या हातावर टेकला आणि ते उठायला लागले. दयानंद धरायला धावला. आप्पांचं तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा तटतटल्या.

"बा..." मग लई वेळ नुसताच श्वास. "बा... अव्वा. ऊ... टा?"

रूपालीनं तो कागद मुठीत चुरगाळून पाठीमागं नेला.

"न्हाई आप्पा," ती म्हणाली. "सकाळपासून काहीच न्हाई. लई भूक लागलीय."

उमाबाई सरळ आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग परातीचा.

आप्पा खाली बसले. छाती वरखाली होत होती, पण थांबायला तयार नव्हते. त्यांनी मान दयानंदकडं वळवली. "ऊ... टा?"

"न्हाई आप्पा," दयानंद म्हणाला.

मग शेजारच्या लक्ष्मम्माला विचारलं. तीही उपाशीच निघाली. एकेकाला विचारत गेले, प्रत्येक वेळी शब्द थोडा मोकळा होत गेला, आणि त्या सोप्यात एकही माणूस जेवलेला सापडेना. आत भाकरी थापल्याचा आवाज वाढतच चालला.

सगळ्यात शेवटी माझ्यावर आले. मी घरून पोटभर जेवून निघाले होते, वरण-भात, दोन भाकऱ्या आणि वर दही.

"ऊटा आयता, अव्वा?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई आप्पा," मी म्हटलं, "अजून न्हाई."